कुत्रा अंगणातले किडे आणि अळ्या का खातो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कुत्रा असला की कधी ना कधी त्याच्या तोंडातून काहीतरी वळवळताना दिसतंच. आपण ओरडत धावतो, तोवर ते गिळूनही झालेलं असतं. मी डॉक्टर नाही. कुत्रे पाळता पाळता आणि डॉक्टरांना छळता छळता जे कळलं, ते इथे लिहिलं आहे. किडा खाणं ही बहुतेक वेळा काळजीची गोष्ट नसते. काळजी करायची ती किडा कुठला, किती खाल्ले आणि त्या जमिनीवर कुणी काही फवारलं होतं का, याची.

पोटभर जेवूनही तो किडे का शोधत बसतो?

भुकेचा इथे फारसा संबंध नसतो. हेरणं, दबा धरणं, झडप घालणं, चावणं, गिळणं अशी शिकारीची एक साखळी कुत्र्याच्या अंगात मुरलेली असते आणि तिच्या प्रत्येक कडीची गोडी वेगळी. पोट भरलेलं असलं तरी हलणारं काही दिसलं की साखळी सुरू होते. नाकतोडा उडी मारतो, थांबतो, पुन्हा उडी मारतो. कुत्र्याला याहून सरस खेळणं अजून कुणी बनवलेलं नाही.

शिवाय कूळच तसं आहे. कोल्हे आणि खोकड भुंगेरे, टोळ, अळ्या आवडीने खातात. आफ्रिकेतला बॅट-इअर्ड फॉक्स नावाचा मोठ्या कानांचा भाऊबंद तर मुख्यतः वाळवीवरच जगतो. आपल्या कुत्र्याला 42 दात असतात, त्याला 46 ते 50. बारीकसारीक किडे भराभर चावायचे तर दातही तेवढे हवेत. आपला कुत्रा इतका पुढे गेलेला नाही, पण फुकटात मिळणारा तेलकट, मऊ घास सोडायचा नाही एवढी अक्कल त्याला वारशाने मिळालेली आहे.

कंटाळा हेही एक कारण आहे आणि ते आपल्याला कबूल करायला आवडत नाही. दिवसभर अंगणात एकट्या सोडलेल्या कुत्र्याने करायचं तरी काय?

जमिनीखालची अळी त्याला कळते कशी?

मुख्यतः नाकाने, आणि कान मदतीला असतात. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला 45,000 च्या आसपास. मातीतली बारीक खसखस त्याला आपल्यापेक्षा बरीच जास्त कळते.

आमची भुरी हिरवळीवर हे काम कसं करते ते मी अनेकदा बसून पाहिलं आहे. चालता चालता ती एकदम थांबते. मान तिरकी, एक कान पुढे. मग नाक गवताला टेकवून दोन-तीनदा जोरात फुसफुसते, इतकं की माती उडून तिच्याच मिशांवर बसते. पुढचे दोन्ही पंजे सपासप चालतात आणि चार बोटं खोल खड्डा होतो. अळी सापडली की मात्र सगळी घाई संपते. ओठ मागे ओढून, नुसत्या पुढच्या दातांनी, नाकाला लागणार नाही अशी ती उचलते आणि गवतावर ठेवते. अळी वळवळली की कान मागे घेऊन बघत राहते. दोनदा उचलून टाकते, एकदा तिच्यावर खांदा घासते आणि मग गिळते. चावते की नाही याची मला अजून खात्री नाही.

ती पांढरी, गुबगुबीत, वाकडी अळी कोणती?

बहुतेक वेळा हुमणी. भुंगेऱ्याची अळी ती. पांढरट अंग, तपकिरी डोकं, पुढे सहा पाय, आणि हातात घेतली की इंग्रजी सी अक्षरासारखी वळते. ती गवताची आणि झाडांची मुळं खाते, त्यामुळे हिरवळीवर पिवळे चट्टे पडतात आणि त्या जागचं गवत चटईसारखं उचललं जातं. पहिल्या चांगल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती धडपडणारे तपकिरी भुंगेरे हे तिचेच आईबाप.

हुमणी स्वतः विषारी नसते. कुत्रा रोज एकाच कोपऱ्यात खणत असेल तर त्याला रागावण्याआधी तिथली वीतभर माती उकरून बघा. पुष्कळदा त्याचं निदान बरोबर निघतं.

त्याच्या आहारात काही कमी पडतंय म्हणून तो हे करतो का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि उत्तर बहुतेकांच्या बाबतीत ‘नाही’ असंच आहे. नीट खाणारा, वजन टिकवून असलेला, केस चकचकीत असलेला कुत्रा चार किडे खातो तेव्हा त्याला प्रोटीनची चणचण असते असं नाही. आवडतं म्हणून खातो.

पण भूक अचानक वाढली, वजन मात्र उतरतंय, शी पातळ आणि ढीगभर होतेय, किंवा किड्यांसोबत माती, दगड, कापडही पोटात चाललंय, तर गोष्ट वेगळी. स्वादुपिंडाचा रस कमी पडणं, आतड्यात अन्न न शोषलं जाणं, जंत, रक्तक्षय यांपैकी काहीही मागे असू शकतं. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही भूक भडकते.

आणि तुमचा कुत्रा लॅब्रॅडॉर असेल तर हा प्रश्नच बाजूला ठेवा. 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरांच्या पीओएमसी या जनुकाचा एक तुकडाच गळालेला असतो. अशा कुत्र्यांचा खाण्याकडे ओढा जास्त आणि वजनही जास्त. त्यांना किडा काय आणि मोजा काय.

किडे त्याला पचतात का? काही पोषण मिळतं का?

मिळतं. काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या आणि मीलवर्म यांपासून कुत्र्यांचं खाद्य तयार करतात, आणि या वाळवलेल्या अळ्यांत प्रोटीन साधारण 40 ते 50 टक्के भरतं. पण ताज्या अळीत बहुतांश पाणीच असतं. अंगणातल्या पाच-सहा अळ्यांनी त्याच्या जेवणाचा हिशेब बदलत नाही.

अंगावरचं टणक कवच कायटिनचं असतं आणि ते कुत्र्याला पुरतं पचत नाही. म्हणून शीमध्ये पंख, पाय, चकचकीत तुकडे तसेच दिसतात. त्याने घाबरू नका. घाबरायचं ते अति खाण्याला. अमेरिकेत 13 किंवा 17 वर्षांनी सिकाडा नावाचे किडे जमिनीतून लाखोंनी बाहेर पडतात तेव्हा कुत्रे ते अक्षरशः ओरपतात, मग उलट्या, पोटदुखी आणि क्वचित कवचांचा गोळा अडकणं हे ओघाने येतं. पहिल्या पावसात उडणाऱ्या वाळवीवरही कुत्रे असेच तुटून पडतात. वाळवीचं अंग मऊ असल्याने एवढं होत नाही, पण रात्री फरशी पुसायची तयारी ठेवा.

कोणत्या किड्यांपासून त्याला खरंच लांब ठेवायचं?

सगळ्यात आधी केसाळ सुरवंट. त्याचे केस जिभेत, ओठांत, हिरड्यांत रुततात. कुत्रा तोंड पंजाने ओरबाडतो, लाळ गाळतो, जीभ सुजते. दक्षिण युरोपात पाइनच्या झाडांवर रांगेने चालणारा एक सुरवंट आहे. तो तोंडात धरल्यामुळे कुत्र्यांच्या जिभेचा भाग सडून गळून पडल्याची उदाहरणं पशुवैद्यांना नेहमीची आहेत. सुरवंट तोंडात गेला असेल तर भरपूर पाण्याने धुवा, पण घासू नका. घासलं की केस मोडतात आणि आणखी आत जातात. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत, नाहीतर पुढची पाळी आपली.

हिंगे, म्हणजे ब्लिस्टर बीटल. यांच्या अंगात कँथॅरिडिन असतं, त्याने कातडीवर फोड येतात. घोड्यांना ते जीवघेणं ठरतं. कुत्र्याचं तोंड, पोट आणि मूत्रमार्ग भाजल्यासारखा होऊ शकतो.

लेडीबर्ड, ते ठिपक्यांचे गोंडस भुंगेरे, एकदोन खाल्ले तर कडू तोंड होऊन विषय संपतो. पण आशियाई जातीचे लेडीबर्ड घोळक्याने एकत्र बसतात आणि कुत्रा सरळ घोळक्यात तोंड घालतो. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीत कुत्र्याच्या टाळूला असे 16 भुंगेरे घट्ट चिकटलेले सापडले होते आणि त्यांच्या स्रावाने टाळू भाजला होता. कुत्र्याने अचानक खाणं सोडलं, तोंडातून फेस येतोय, तर जबडा उघडून वर टाळूकडे बघायला विसरू नका. आपण जीभ बघतो, दात बघतो आणि टाळू राहूनच जातो.

विंचवाबद्दल सांगायला नको. गोम डसते. वाणी डसत नाही, पण तिच्या अंगातून तिखट द्रव सुटतो, कुत्रा तोंड वाकडं करून थुंकतो आणि पुढच्या वेळी सहसा नुसतं हुंगून सोडून देतो. काजव्यांतही कडवट विष असतं. एखाद्याने कुत्र्याला फारसं होत नाही, पण ढिगाने खाऊ देऊ नका. मुंग्या, रातकिडे, पतंग, नाकतोडे: यांत विषाचा धोका सहसा नाही म्हटलं तरी चालेल.

मधमाशी गिळली तर?

नाकावर किंवा ओठावर डंख झाला तर थोडी सूज आणि रडकं तोंड, एवढ्यावर भागतं. तोंडाच्या आत, घशाकडे डंख झाला तर सूज श्वासाच्या वाटेवर येऊ शकते. पहिला तासभर त्याला नजरेसमोर ठेवा.

एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. कुत्र्यात ॲलर्जीचा जोराचा झटका पुष्कळदा चेहऱ्याच्या सुजेने नव्हे, पोटापासून सुरू होतो: एकाएकी उलटी, जुलाब, मग पाय लटपटणं, हिरड्या पांढऱ्या पडणं. डंखानंतर काही मिनिटांत असं दिसलं तर ‘काहीतरी खाल्लं असेल’ म्हणून वाट बघत बसू नका. मधमाशीचा काटा दिसत असेल तर नखाने खरवडून पटकन काढा. गांधीलमाशी काटा सोडत नाही; ती पुन्हा पुन्हा डसते.

किड्यांमुळे जंत होतात का?

होऊ शकतात, आणि मला विचाराल तर विषारी किड्यांपेक्षा हा भाग जास्त लक्ष देण्यासारखा आहे, कारण यात त्या दिवशी काहीच दिसत नाही.

सगळ्यात वाईट नाव आहे स्पायरोसर्का. उष्ण हवेच्या प्रदेशांत हा जंत आढळतो. एका कुत्र्याच्या विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात, शेणकिडा ती विष्ठा खातो, दुसरा कुत्रा तो शेणकिडा खातो. (किंवा शेणकिडा खाल्लेली पाल किंवा उंदीर खातो.) मग जंताची अळी पोटाच्या भिंतीतून रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरते, तिथून महाधमनीपर्यंत जाते आणि साधारण तीन महिन्यांनी अन्ननलिकेत येऊन गाठ करते. खाल्लेलं बाहेर येणं, गिळताना त्रास, वजन उतरणं ही लक्षणं दिसतात तोवर किडा खाल्ल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं. काही कुत्र्यांत ती गाठ पुढे कॅन्सरची होते.

फायसालॉप्टेरा हा पोटातला जंत रातकिडे, झुरळं, भुंगेरे यांतून येतो. तो झालेला कुत्रा आठवडेच्या आठवडे मधूनमधून ओकत राहतो आणि शी तपासली तरी अंडी सहज सापडत नाहीत. अशा वेळी ‘हा किडे खातो’ हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा. ते विचारतीलच असं नाही, आणि त्या एका वाक्याने तपासाची दिशा बदलते.

गोगलगाई किडे नव्हेत, पण कुत्र्याला तो फरक कुठे माहीत? काही देशांत त्यांच्यातून फुप्फुसाचा जंत होतो. खोकला येतो, रक्त गोठण्यात गडबड होते.

जंताच्या गोळीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. एकच गोळी सगळ्या जंतांवर चालत नाही. पायरँटेलने गोल जंत जातात, टेपवर्म जात नाही. त्याला प्राझिक्वाँटेल लागतं. स्पायरोसर्कावरचं औषध वेगळंच, आणि त्याच गटातलं आयव्हरमेक्टिन कोली जातीच्या अनेक कुत्र्यांना जास्त मात्रेत घातक ठरू शकतं. म्हणून नेहमीची गोळी दिली आहे, आता काळजी नाही, असं समजू नका आणि स्वतःच्या मनाने दुसरी देऊ नका.

गोचीड किंवा पिसू चावून खाल्ली तर?

इथे खाण्यानेच रोग होतो. गोचीड चावल्याने होणारे आजार सगळ्यांना ठाऊक असतात, पण हेपॅटोझून नावाचा परजीवी कुत्र्याने गोचीड गिळली की शरीरात जातो. पिसू गिळली की टेपवर्म होतो. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे चिकटलेले दिसतात, ताजे असले तर हलतातही. म्हणून काढलेली गोचीड जमिनीवर टाकू नका. भुरीने ती एकदा माझ्या पायाशीच मटकावली आहे.

डास गिळल्याने मात्र हार्टवर्म, म्हणजे हृदयातला जंत, होत नाही. तो डास चावल्यानेच होतो.

अंगणात औषध फवारलं होतं आणि त्याने तिथल्याच अळ्या खाल्ल्या. आता?

मेलेल्या एका अळीच्या अंगात औषध फार थोडं असतं. खरा धोका असतो तो दाण्यांचा, आमिषाचा, पानावर साचलेल्या ओल्या फवाऱ्याचा आणि कोपऱ्यात उघड्या राहिलेल्या पुडीचा. अळी शोधताना कुत्रा हे सगळं चाटतो, मातीबरोबर गिळतो आणि नंतर पंजे चाटून उरलंसुरलं संपवतो.

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं औषध पोटात गेलं तर लाळेच्या धारा लागतात, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, जुलाब, अंग थरथरणं सुरू होतं. गोगलगाईंसाठी टाकतात ते मेटाल्डिहाइड आणखी फसवं, कारण त्याचे दाणे दिसायला कुत्र्याच्या कोरड्या खाद्यासारखे असतात. काही तासांत थरथर, झटके, अंग भट्टीसारखं तापणं. त्याला उतारा नाही, नुसते झटके आणि ताप आवरत बसावं लागतं. ब्रिटनमध्ये 2022 पासून ते उघड्यावर वापरायला बंदी आहे.

अशा वेळी औषधाचं पाकीट किंवा निदान त्याच्यावरच्या नावाचा फोटो घेऊन थेट डॉक्टरांकडे. घरी मीठ पाजून उलटी करवायचा उपाय अजूनही कुणी ना कुणी सुचवतं. तो करू नका, जास्त मिठानेच कुत्रे दगावतात.

हुमणीचा बंदोबस्त करायचाच असेल तर आधी हाताने वेचून बघा. हेटेरोऱ्हॅब्डायटिस नावाचे सूक्ष्म कृमी मातीत सोडले की ते हुमणीला आतून संपवतात आणि कुत्र्याला त्यांचा उपद्रव नसतो. माती ओली ठेवायची आणि उन्हं उतरल्यावर सोडायचे, एवढी दोन पथ्यं.

कचऱ्यातल्या किंवा शिळ्या खाद्यातल्या अळ्या खाल्ल्या.

अळ्यांची नका, त्या ज्यात वाढल्या त्या सडक्या मालाची काळजी करा. उलट्या-जुलाब होऊ शकतात. पाणी जवळ ठेवा. मेलेलं जनावर खाल्लं असेल आणि नंतर पाय लुळे पडू लागले तर लगेच डॉक्टर.

पिल्लू दिसेल तो किडा तोंडात घालतं.

पिल्लाला हात नसतात, तोंडच असतं. साधारण चार ते सात महिन्यांत दात बदलतात तेव्हा तर काहीच सुटत नाही. बहुतेकांचं वयाप्रमाणे कमी होतं. पण अंग लहान असल्याने डंख आणि औषधं त्याला जास्त बाधतात, तेवढं ध्यानात ठेवून पहिले काही महिने अंगणात एकटं सोडू नका.

तो हवेत नसलेल्या माश्या पकडल्यासारखं करतो. हे तेच का?

नाही. खरी माशी पकडणारा कुत्रा तिच्या मागे मान फिरवतो, चुकला की इकडेतिकडे शोधतो. हा मात्र एका जागी बसून रिकाम्या हवेत जबडा मारत राहतो. हे झटक्याचं एक रूप असू शकतं, आणि अशा काही कुत्र्यांत मूळ दुखणं पोटाचं निघालं आहे. मोबाइलवर व्हिडिओ काढा. दवाखान्याच्या टेबलावर चढवलं की तो हमखास काहीच करत नाही.

ही सवय मोडायची कशी?

पूर्ण मोडेल ही आशा सोडा. कमी मात्र होते. ‘सोड’ हा शब्द घरात, शांतपणे, खाऊच्या बदल्यात शिकवा: त्याने तोंडातली वस्तू टाकली की लगेच त्याहून चविष्ट काहीतरी. अंगणात हुमणी समोर असताना पहिल्यांदा ‘सोड’ म्हणाल तर तो ऐकणार नाही, आणि ऐकायचं नसतं हेही तेव्हाच शिकेल. जबडा उचकटून किडा काढायला गेलात तर पुढच्या वेळी तो अधिक वेगाने गिळतो; भुरीला ही कला मीच शिकवली आहे.

नाकाला दुसरं काम द्या. गवतात त्याचंच कोरडं खाद्य विखरून ‘शोध’ म्हणा. पंधरा मिनिटं शोधाशोध केलेला कुत्रा चांगला दमतो. रात्री अंगणातला दिवा मालवला तर भुंगेरेही कमी येतात. अंगणातली शी रोज उचला. शेणकिड्यालाच जेवण मिळालं नाही तर पुढची साखळी तुटते.

डॉक्टरांकडे लगेच कधी जायचं?

चेहरा किंवा गळा सुजतोय, श्वास घरघरतोय, लाळ थांबत नाही, अंग थरथरतंय, झटका आला, उलटीत किंवा शीत रक्त दिसलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या. यांपैकी एकही असेल तर फोन करत निघा. एकदाच उलटी झाली, तीत भुंगेऱ्याचे पाय दिसले आणि मग शेपटी हलवत परत आला, तर काही तास नुसतं बघा. माणसांच्या पॅरासिटॅमॉल किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या देऊ नका, त्या कुत्र्याला विषासमान आहेत.

किडा खाऊन तो लगेच माझं तोंड चाटतो. चालेल का?

एकदा चाटल्याने सहसा काही होत नाही. तोंड धुवा. सुरवंट खाल्ला असेल तर मात्र त्याला जवळ घेऊ नका. त्याच्या ओठांवरचे केस तुमच्या गालात रुततील, आणि मग दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जावं लागेल.